परवान्यापासून परवलीपर्यंत : घरगुती बिनतारी यंत्राच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

१

घरासाठी वायफायचे यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे दुकानदाराला सामान्यतः दोनच प्रश्न विचारले जातात : वेग किती आणि किंमत किती. यंत्र विश्वासार्ह आहे काय, सुरक्षित आहे काय, हे प्रश्न मागाहून, बहुधा काही बिघडल्यावर सुचतात. या क्रमाचे कारण केवळ ग्राहकाच्या अज्ञानात शोधले तर ते अपुरे ठरेल. बिनतारी यंत्र घरात ठेवण्याचा अधिकार भारतीय नागरिकाला ज्या रीतीने मिळाला, त्या रीतीतच या क्रमाचे मूळ आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ अशा यंत्रावर लक्ष ठेवण्याचे काम शासनाचे होते. २००५ साली ते काम, फारसा गाजावाजा न होता, गृहस्थाकडे आले. अधिकार आला, परंतु त्याबरोबर यावयास हवे होते ते ज्ञान आले नाही. हे हस्तांतर कसे घडले, त्यात काय मागे राहिले आणि त्या अनुभवावरून आज घरगुती राउटरची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) या गावाचे उदाहरण शेवटी घेतले आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीत या विषयाशी संबंधित असे तीन शब्द एकामागून एक आले : बिनतारी, रेडिओ आणि वायफाय. ‘तार’ हा शब्द धातूच्या तारेवरून संदेशाच्या तारेकडे गेला, आणि तारेवाचून जाणारा संदेश तो ‘बिनतारी संदेश’ झाला. हे नाव अभावदर्शक आहे. नव्या वस्तूत काय नाही एवढेच ते सांगते. पुढे घरात आलेल्या श्रवणयंत्राला लोकांनी ‘रेडिओ’ म्हटले आणि ‘बिनतारी’ हे विशेषण पोलीस, जहाजे आणि सैन्य यांच्यापाशी राहिले. महाराष्ट्र पोलिसांच्या संदेशवहन विभागाच्या नावातही ते दीर्घकाळ होते. तिसरा शब्द ‘वायफाय’. हे कोणत्याही दीर्घ नावाचे संक्षिप्त रूप नव्हे. १९९९ साली व्यापारी नाव म्हणून ते मुद्दाम घडविण्यात आले.

या नामभेदाचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. पोलिसांचे बिनतारी यंत्र, आजोबांचा रेडिओ आणि नातवाचे वायफाय ही एकाच कुळातील यंत्रे आहेत, हे मराठी भाषकाला नावांवरून कळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिन्ही दीर्घकाळ एकाच सदरात मोडत होती. दुसरा परिणाम असा की, बोलीव्यवहारात ‘वायफाय’ हा एकच शब्द जोडणी, लहरी आणि यंत्र या तिन्हींसाठी वापरला जातो. ‘वायफाय लावले’, ‘वायफाय येत नाही’, ‘वायफाय गेले’ या वाक्यांत नेमके काय लावले आणि काय गेले, हे स्पष्ट होत नाही. ‘राउटर’ हा यंत्रवाचक शब्द तंत्रज्ञाच्या तोंडी असतो, घरच्या माणसांच्या तोंडी क्वचित. ज्या वस्तूला घरात स्वतंत्र नाव नाही, तिची स्वतंत्र निवडही होत नाही. जोडणी देणाऱ्याने जो डबा भिंतीवर लावला, तोच ‘वायफाय’ म्हणून स्वीकारला जातो.

३

भारतात संदेशवहनाचा एकाधिकार शासनाकडे गेला तो १८८५ च्या तार अधिनियमाने. त्याच्या चौथ्या कलमान्वये तारयंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनास मिळाला. इतरांना ते काम परवान्यानेच करता येई. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा घरी रेडिओ-संच ठेवणाऱ्यास वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यावा लागे. त्या शुल्काचा मोठा भाग कंपनीला मिळावयाचा होता. परंतु परवाना न घेता ऐकणारे पुष्कळ असल्याने, आणि संचांची संख्याही अल्पच राहिल्याने, कंपनी १९३० साली बुडाली.

या अनुभवानंतर १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम संमत झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून अंमलात आला. तोपर्यंत यंत्र चालविण्यावर नियंत्रण होते. आता यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही, परवाना नसल्यास, अपराध झाला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड होता. १९४९ च्या दुरुस्तीने संदेश पाठविणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे प्रक्षेपकासाठी, निराळे कलम घालण्यात आले आणि विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या. ऐकणे आणि पाठविणे यांतील हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शासनाला भय ऐकणाऱ्याचे नव्हते, पाठविणाऱ्याचे होते.

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाल्यानंतर विदर्भातील घरांत रेडिओ अधिक प्रमाणात आला. त्याबरोबर टपाल कचेरीतून घ्यावयाचे आणि दरसाल नूतनीकरण करावयाचे परवाना-पुस्तकही आले. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. त्या पुस्तकाची कटकट अनेकांना स्मरत असेल. तथापि तिचा एक अप्रत्यक्ष गुण असा की, घरातील यंत्र ही नोंद घेण्याजोगी वस्तू आहे आणि तिच्याबद्दल कोणालातरी उत्तर द्यावे लागते, ही जाणीव त्या पुस्तकाने जागती ठेवली होती.

४

प्रक्षेपकाचे भय शासनाला का वाटे, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण १९४२ चे आहे, आणि त्याचा आरंभ वर्ध्यापाशी आहे. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ब्रिटिश सत्तेने भारत सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत तो अखिल भारतीय काँग्रेस समितीने मान्य केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध आल्यामुळे बातमी पोहोचविण्याचे दुसरे साधन हवे होते. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक गुप्त प्रक्षेपक उभारला, आणि २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर लहरींवर काँग्रेस रेडिओचे कार्यक्रम सुरू झाले.

महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने शासनाने रद्द केले होते. त्यामुळे हे यंत्र चालविणे हाच मुळात अपराध होता. लहरींचा माग काढून यंत्राचे ठिकाण शोधणारी साधने शासनापाशी होती. म्हणून प्रक्षेपक एका जागी न ठेवता शहरातील निरनिराळ्या घरांत हलविला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला आणि उषा मेहतांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रसंगाकडे येथे एका मर्यादित हेतूने पाहावयाचे आहे. बिनतारी प्रक्षेपणाची दोन अंगे त्यात स्पष्ट दिसतात. लहर भिंतीपाशी थांबत नाही, म्हणून घरातून पाठविलेला शब्द घराबाहेर जातो. दुसरे असे की, लहरीवरून यंत्राचे घर शोधता येते, परंतु यंत्रापाशी बोलणारा माणूस कोण, हे लहरीवरून कळत नाही. १९४२ साली या दुसऱ्या गोष्टीचा लाभ स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना झाला. सहासष्ट वर्षांनी तिचाच लाभ अगदी निराळ्या हेतूच्या लोकांनी त्याच महानगराच्या परिसरात घेतला.

५

घरगुती राउटर हे ऐकणारे यंत्र नव्हे, ते ऐकणारे आणि पाठविणारे असे दुहेरी यंत्र आहे, हे सांगितल्यावाचून २००५ च्या बदलाचे महत्त्व कळणार नाही. रेडिओ-संचाच्या जागी घरात जी वस्तू आली ती वस्तुतः एक लहान प्रक्षेपक होती. तिची लहर ४२ मीटरांची नसून सुमारे साडेबारा सेंटिमीटरांची आहे आणि शक्तीही अत्यल्प आहे, एवढाच फरक. १९३३ च्या कायद्याच्या अक्षरानुसार पाहता, परवान्याची सूट नसती तर प्रत्येक वायफायधारक तीन वर्षांच्या कारावासास पात्र ठरला असता.

ही सूट २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मिळाली. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मुक्त करण्यात आले. यंत्राची कमाल शक्ती एक वॉट आणि अँटेनासह परिणामी शक्ती चार वॉट अशी मर्यादा घालण्यात आली. ५ गिगाहर्ट्‌झच्या विस्तृत पट्ट्यांना अशी मोकळीक २०१८ साली देण्यात आली. या निर्णयांमुळे घरोघरी वायफाय पोहोचणे शक्य झाले, हे निर्विवाद आहे. अमेरिकेत असेच पट्टे १९८५ साली मोकळे झाले होते आणि वायफायच्या तंत्राचा सारा विकास त्या मोकळिकीतून झाला होता.

तथापि या सूटीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. या पट्ट्याचा वापर इतरांना व्यत्यय न आणता, कोणतेही संरक्षण न मागता आणि सर्वांशी वाटून करावयाचा आहे. येथे ‘संरक्षण’ म्हणजे दुसऱ्याच्या लहरींच्या व्यत्ययापासूनचे संरक्षण, चोरीपासूनचे नव्हे. तरीही भाषेच्या अंगाने पाहता हा शब्द त्या काळाची स्थिती नकळत सांगून जातो. शासनाने परवाना मागे घेतला. त्याच्या जागी दुसरे कोणते संरक्षण आले, याचे उत्तर नियमात नव्हते, ते यंत्रात असावयाचे होते.

६

ते उत्तर ‘परवलीचा शब्द’ या नावाने आले. ‘परवाना’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. वरिष्ठाने दिलेली लेखी आज्ञा किंवा अनुज्ञा हा त्याचा अर्थ. ‘परवल’ हा लष्करी पहाऱ्यातील शब्द असून त्याचे नाते ‘पॅरोल’ या युरोपीय शब्दाशी जोडले जाते. आपला माणूस आणि परका यांतील भेद पहारेकऱ्याला ज्या शब्दाने कळतो ती परवल. दोहोंतील ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे, अर्थभेद मात्र बोलका आहे. परवाना देणारा वर बसलेला असतो, परवल विचारणारा दारात उभा असतो. २००५ नंतर गृहस्थ हा परवानाधारक न राहता पहारेकरी झाला. त्याला जे कुलूप देण्यात आले त्याचा इतिहास मात्र समाधानकारक नाही.

वायफायचे मूळ प्रमाणक १९९७ साली निश्चित झाले. त्यातील डब्ल्यूईपी या कूटलेखन-पद्धतीची गुप्त किल्ली अवघ्या ४० बिटांची होती. कूटलेखनाच्या निर्यातीवर अमेरिकी शासनाने घातलेले निर्बंध हे या तोकडेपणाचे एक प्रमुख कारण होते. प्रत्येक संदेशासाठी किल्लीला जोडावयाचा बदलता अंश केवळ २४ बिटांचा असल्याने गजबजलेल्या जाळ्यात तोच अंश पुन्हा पुन्हा येई. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी या पद्धतीचा मूलभूत दोष दाखविला. २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी लांब किल्लीही एका मिनिटाच्या आत काढून दाखविली. दरम्यान २००३ साली डब्ल्यूपीए आणि २००४ साली अधिक भक्कम अशी डब्ल्यूपीए-२ पद्धत आली. परंतु जुनी यंत्रे घरांतून निघाली नाहीत, आणि नव्या यंत्रांतही जुनी पद्धत निवडण्याची सोय राहिली.

कुलूप सोपे करण्याच्या प्रयत्नातूनही दोष निर्माण झाले. परवलीचा शब्द टंकित करण्याचा त्रास वाचावा म्हणून आठ अंकी संख्येने जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोय आली. आठ अंकांची संख्या म्हणजे दहा कोटी शक्यता, असा समज होता. पण शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरत असे, आणि यंत्र संख्येचे दोन भाग निरनिराळे तपासून पहिला भाग चुकला तर तसे सांगत असे. त्यामुळे पहिल्या भागाच्या दहा हजार आणि दुसऱ्याच्या एक हजार अशा अकरा हजार प्रयत्नांत काम होई. हे डिसेंबर २०११ मध्ये उघडकीस आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाच्या संशोधकाने डब्ल्यूपीए-२ च्या प्रमाणकातच असलेली एक उणीव दाखविली. या वेळी कुलूप बदलावे लागले नाही, दुरुस्ती पुरेशी होती. मात्र ती दुरुस्ती ज्या यंत्रांना उत्पादकाकडून मिळाली, तीच सुरक्षित झाली. २०१८ साली जाहीर झालेली डब्ल्यूपीए-३ पद्धत जुलै २०२० पासून नव्या प्रमाणित यंत्रांना अनिवार्य झाली. हवेतून पकडलेल्या संदेशावर घरी बसून लाखो शब्द आजमावण्याचा मार्ग तिने बंद केला.

या इतिहासातून एक नियम निघतो. बिनतारी कुलूप कायमचे भक्कम कधीच नसते. ते काही वर्षे भक्कम राहते, मग त्यातील दोष सापडतो, आणि त्यानंतर त्याची सुरक्षितता दुरुस्ती करणाऱ्यावर अवलंबून राहते.

७

या नियमाची किंमत महाराष्ट्राला २००८ साली कळली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ई-पत्ररूप संदेश मिळाला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी रहिवाशाच्या वायफायवरून तो संदेश गेला होता. घरातील संगणक तपासासाठी नेण्यात आले, त्या रहिवाशाची चौकशी झाली आणि त्याचे नाव जगभर छापले गेले. पुढे तपासात दिसून आले की, त्याची जोडणी बाहेरच्यांनी वापरली होती. ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायचा असाच उपयोग झाला.

१९४२ शी तुलना केली असता साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. लहर यंत्रापर्यंत नेते, माणसापर्यंत नेत नाही, ही गोष्ट दोन्ही वेळी खरी ठरली. परंतु १९४२ साली प्रक्षेपक चालविणाऱ्यांनी धोका जाणूनबुजून पत्करला होता. २००८ साली सानपाड्यातील गृहस्थाला आपल्या घरी प्रक्षेपक आहे आणि तो दुसरे कोणी चालवू शकते, याची पुरेशी कल्पना नसावी. शासनाच्या प्रतिक्रियेतही जुन्या काळाचा पडसाद होता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यारस्त्याने संगणक घेऊन फिरत उघडी वायफाय जाळी शोधण्याची आणि संबंधितांना समज देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरविणाऱ्यांना वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. परवाना गेल्यावर चार वर्षांनी शासन पुन्हा दारात आले, परंतु आता त्याच्यापाशी आग्रह करण्याखेरीज फारसे साधन नव्हते.

पुढील दशकात धोक्याचे स्वरूप पालटले. २०१६ साली मिराई या नावाच्या घातक आज्ञावलीने केवळ साठेक ठरावीक नावे आणि परवलीचे शब्द आजमावून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. मालकांनी कारखान्यातून आलेला शब्द बदललाच नव्हता. जुलै २०१७ मध्ये भारतातही मूळ शब्द न बदललेले ब्रॉडबँडचे मोडेम अशाच हल्ल्याने निकामी झाले. २००८ साली चोराला घराजवळ यावे लागत होते, आता त्याचीही गरज उरली नाही.

८

सावंगी (मेघे) येथील परिस्थितीचा विचार या पार्श्वभूमीवर करता येईल. गावाच्या नावापासून आरंभ करणे योग्य होईल. सावंगी नावाची गावे विदर्भात अनेक आहेत. वर्ध्याच्या आसपास बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे) अशी कंसयुक्त नावे आढळतात, ती एका नावाच्या गावांत घोटाळा होऊ नये म्हणून. बिनतारी जाळ्यालाही नाव असते आणि तेही कोणालाही ठेवता येते. शेजारच्या जाळ्याचेच नाव दुसऱ्याने आपल्या यंत्राला दिले तर फोनला पुष्कळदा दोहोंतील भेद कळत नाही, आणि परवलीचा शब्द चुकीच्या दारात सांगितला जाण्याचा धोका राहतो. गावाला ओळख देणारा कंस महसुली दप्तरात नोंदलेला असतो, जाळ्याच्या नावाला असा आधार नाही. नाव म्हणजे ओळख नव्हे, एवढे तरी राउटर वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय याच परिसरात आहे. वायफायला परवान्यातून सूट मिळाली त्याच २००५ साली येथील संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रुग्णालय आणि महाविद्यालये यांच्या आधाराने वाढलेल्या अशा वस्तीत एकाच यंत्रावर घरमालक, भाडेकरू विद्यार्थी आणि त्यांचे पाहुणे असणे स्वाभाविक आहे. एखाद्या डॉक्टरच्या घरी त्याच यंत्रावरून रुग्णाचे अहवाल येतात आणि त्याच यंत्रावर शेजारच्या मुलाचा खेळही चालतो. सानपाड्यात जो प्रश्न अपघाताने उद्भवला, तो येथे रोजच्या राहणीत अंतर्भूत आहे.

अशा घरासाठी निवडीचे निकष आतापर्यंतच्या इतिहासातूनच मिळतात.

पहिला निकष दुरुस्तीचा. यंत्रासाठी सुरक्षिततेचे अपडेट किती वर्षे मिळतील आणि ते आपोआप बसतील काय, हे खरेदीपूर्वी पाहावे. वेगाच्या आकड्यापेक्षा हा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या कायद्याने ही मुदत जाहीर करणे उत्पादकावर बंधनकारक केले आहे, आणि सर्व यंत्रांना एकच सोपा परवलीचा शब्द देण्यास मनाई केली आहे. एखादा उत्पादक ही मुदत कोठेच सांगत नसेल, तर तेही उत्तरच समजावे. अपडेट बंद झालेले यंत्र, ते चालू असले तरी, बदलण्यास झालेले आहे.

दुसरा निकष कुलपाचा. डब्ल्यूपीए-३ असलेले यंत्र घ्यावे. घरातील जुन्या फोनांसाठी डब्ल्यूपीए-२ ची जोड चालेल, त्याहून जुनी पद्धत चालणार नाही. डब्ल्यूपीएस बंद करता येते की नाही हे पाहून ते बंद करावे. जाळ्याचा परवलीचा शब्द आणि यंत्राच्या व्यवस्थापनाचा शब्द हे दोन निराळे आहेत. गृहस्थ पहिला बदलतो आणि दुसरा तसाच ठेवतो. मिराईचा मार्ग या दुसऱ्या शब्दातूनच गेला होता. व्यवस्थापनाचे दार बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, बंद असावे.

तिसरा निकष वाटणीचा. पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढता येईल असे यंत्र घ्यावे. भाडेकरू, पाहुणे, कॅमेरे आणि दूरचित्रवाणी-संच त्यावर ठेवावेत, आणि कामाचे संगणक मूळ जाळ्यावर. भाडेकरू बदलला की शब्द बदलावा. घरातील चावी परत घेण्याची रीत आहे, शब्द परत घेण्याची रीत अद्याप रुजलेली नाही.

चौथा निकष हवामानाचा, आणि हा या प्रदेशाचा खास आहे. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात ते ० ते ४० अंश सेल्सियस तपमानात वापरण्यासाठी असल्याचे छापलेले असते. वर्ध्यात मे महिन्यात बाहेरचे तपमान ४५ अंशांच्या वर जाते. गच्चीखालच्या खोलीत, पत्र्याजवळ किंवा बंद कपाटात ठेवलेले यंत्र दुपारी वारंवार बंद पडले तर दोष जोडणीचा नसून जागेचा असण्याचा संभव अधिक. हवेसाठी छिद्रे असलेले यंत्र घ्यावे, ते भिंतीवर मोकळ्या जागी, खोलीच्या थंड बाजूस लावावे. पाण्याने भरलेल्या कूलरच्या आड ते ठेवू नये, कारण पाणी आणि धातू दोन्ही या लहरींना अडवितात. वीज गेल्यावर यंत्र पुन्हा सुरू होण्यास वेळ लागतो, म्हणून त्याच्या व्होल्टला जुळणारा लहान बॅटरी-संच जोडणे हितावह आहे.

पाचवा निकष मालकीचा. सेवा पुरविणाऱ्याने दिलेल्या डब्याची व्यवस्था पुष्कळदा त्याच्याकडूनच दुरून केली जाते. ज्याला वरील गोष्टी स्वतः सांभाळणे शक्य नाही, त्याला ते सोयीचे आहे. मात्र अपडेट कोण करतो हे त्याने विचारून घ्यावे. ज्याला शक्य आहे त्याने त्या डब्यातील वायफाय बंद करून त्यामागे स्वतःचे यंत्र लावावे. ‘लावलेले वायफाय’ आणि ‘निवडलेला राउटर’ यांतील फरक येथे सुरू होतो.

वेगाचा निकष अखेर घेतला आहे तो हेतुपुरस्सर. घरात येणारी जोडणी जितक्या वेगाची आहे, त्याहून कितीतरी अधिक वेगाचा राउटर घेतल्याने ती जोडणी वेगवान होत नाही. पसारा मोठा असेल तर एक शक्तिशाली यंत्र घेण्यापेक्षा दोन साधी यंत्रे योग्य जागी लावणे अधिक उपयुक्त ठरते. लहर रस्त्यापर्यंत पोहोचविण्याचे गृहस्थाला प्रयोजनही नसते.

९

१८८५ आणि १९३३ च्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार अधिनियम संमत केला आणि २०२४ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. घरगुती वायफाय यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी दूरसंचार विभागाने निकषही तयार केले आहेत. परवाना गेल्यानंतर रिकामी राहिलेली जागा अशा रीतीने अंशतः भरून निघत आहे. तथापि प्रमाणपत्र यंत्राला मिळते, पहारा घरातच करावा लागतो. प्रमाणित यंत्राचाही मूळ शब्द बदलला नाही, किंवा अपडेट संपल्यावरही ते वर्षानुवर्षे भिंतीवर राहिले, तर प्रमाणपत्राचा उपयोग होणार नाही.

परवान्याची पद्धत परत यावी असे यावरून कोणी म्हणणार नाही. ज्या कायद्याने काँग्रेस रेडिओच्या कार्यकर्त्यांना अपराधी ठरविले, त्याच कायद्याच्या कक्षेत अन्यथा प्रत्येक विद्यार्थ्याचे घर आले असते. २००५ ची मोकळीक योग्यच होती. तिच्याबरोबर द्यावयाचा धडा मात्र दिला गेला नाही, आणि तो २००८ साली दुसऱ्यांच्या किमतीवर शिकावा लागला. १९३४ पासून घरातील बिनतारी यंत्राबद्दल उत्तर देण्यासाठी टपाल कचेरीत एक पुस्तक असे. आता ते पुस्तक नाही. उत्तर देण्याची जबाबदारी उरली आहे, आणि राउटर निवडणे हा त्या जबाबदारीचा पहिला भाग आहे.